बाळाचा शोभेचा जन्मदाखला (हेअरलूम सर्टिफिकेट): कोणी घेतलाय का? पैसे कुठे जातात?

सोनसळी

नमस्कार मंडळी. आई परवा पुण्याला परत गेली. बाळंतपणाला आली होती, सहा महिने राहिली. तिला विमानतळावर सोडून आल्यावर घर खायला उठलं, म्हणून लेकीच्या कागदपत्रांची फाइल लावायला घेतली. लसीकरणाचं कार्ड, विम्याची पत्रं, पासपोर्टच्या पावत्या. त्यात दोन कागद असे निघाले की फाइल तशीच मांडीवर राहिली.

एक कोरा. चार घड्या आणि एका कोपऱ्याला हळदीचं बोट. पाचवीच्या रात्री आईने पाटावर मांडला होता, शेजारी माझंच निळं बॉलपेन. सटवाई रात्री येऊन बाळाचं नशीब लिहिते, म्हणून कागद कोराच ठेवायचा. सकाळी आईने त्याची घडी घातली आणि "जपून ठेव हो" म्हणून माझ्या हातात दिला.

दुसरा कागद आमच्या वॉशिंग्टन राज्याचा. आम्ही सिअ‍ॅटलच्या उत्तरेला बॉथेलमध्ये राहतो. इथे साध्या जन्मदाखल्याबरोबर 'हेअरलूम बर्थ सर्टिफिकेट' मागवता येतं. आपण त्याला शोभेचा दाखला म्हणू. जाड कागद, भोवती नक्षी, राज्याची मुद्रा, फ्रेम करून लावता येईल असा. माहिती तीच असते: नाव, तारीख, गाव, आईवडील. साध्या प्रतीपेक्षा महाग असतो, कारण जास्तीचे पैसे मुलांसाठीच्या एका निधीत जातात.

आमच्या राज्याच्या कायद्यातलं हे कलम मी मुद्दाम शोधून वाचलं. अगदी साधं आहे. नोंदणी अधिकाऱ्याने मागणाऱ्याला मांडून ठेवण्याजोगा दाखला द्यावा, त्यावर राज्याची मुद्रा असू शकते, राज्यपालांची सही असू शकते. मूळ कलमात शुल्क २५ डॉलर लिहिलं होतं. त्यातून छपाईचा आणि कामाचा खर्च वळता करून उरलेली रक्कम चिल्ड्रन्स ट्रस्ट फंडात भरायची. (इथला गव्हर्नर म्हणजे लोकांनी निवडून दिलेला, आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा. मराठीत आपण त्यालाही राज्यपालच म्हणतो, म्हणून खुलासा.)

हा फंड मुलांची आबाळ आणि मारहाण होण्याआधी थांबवण्यासाठी आहे. म्हणजे नव्या आईबापांना कोणीतरी घरी जाऊन भेटणं, बाळ कसं धरायचं, रडतं तेव्हा काय करायचं हे दाखवणं, चार आया एकत्र बसतील असे गट चालवणं.

हे वाचताना मला सारखी आई डोळ्यापुढे येत होती. मला सकाळी अळिवाची खीर हातात मिळत होती. बाळीला तेल लावून, न्हाऊ घालून, धुरी देऊन कुंची बांधलेलं गाठोडं माझ्या मांडीवर येत होतं. रात्री तीनला बाळी रडली की आई उठायची आणि म्हणायची, "तू झोप, मी आहे." आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक मुलगी आहे, माझ्यानंतर तीन आठवड्यांनी बाळंत झाली. तिच्याकडे कोणीही नव्हतं. नवरा रात्रपाळीला. तिच्या घरातून बाळाचं रडणं आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं, तास तास.

ज्या बाळंतिणीला माहेर नाही तिच्या दारात कोणीतरी जावं, एवढ्यासाठी हा कागद घ्यावा असं मला मनापासून वाटतं. तुमच्या राज्यात काय पद्धत आहे? कोणी घेतलाय का?

---

वाईकर

धागा आवडला. दाखला भिंतीवर लावायचा ही कल्पना आम्हा गावाकडच्या माणसांना नवी आहे. आमच्या घरी दाखले कपाटाच्या चोरकप्प्यात, दागिन्यांच्या डब्याखाली असायचे.

आमच्या वडिलांना तर जन्मदाखलाच नव्हता. जन्मतारीख १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. त्यांच्या वर्गात निम्म्या मुलांची तारीख १ जून होती. आजी सांगायची की तू गौरी विसर्जनाच्या दिवशी झालास, कृष्णेला पाणी चढलं होतं. पण नोकरी, बढती, निवृत्ती, पेन्शन सगळं १ जूनवर चाललं. शेवटपर्यंत ते वाढदिवस गौरींच्या दिवशीच धरायचे.

आता नातीची नोंद २१ दिवसांच्या आत झाली, दाखला हातात मिळाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून जो सुधारित कायदा आला, त्याने शाळाप्रवेश, मतदारयादी, आधार अशा सगळ्याला त्यानंतर जन्मलेल्या मुलांचा जन्मदाखलाच पुरावा ठरतो. म्हणून विचारतो, हा शोभेचा दाखला कामाला चालतो का? की नुसता भिंतीसाठी?

---

सोनसळी

वाईकर, वडिलांची गोष्ट वाचून गलबलून आलं.

आमच्या राज्याच्या त्या कलमात लिहिलं होतं की पुरावा म्हणून शोभेच्या दाखल्याला मूळ दाखल्याइतकाच दर्जा आहे. पण प्रत्येक राज्याचं वेगळं. काही ठिकाणी तो फक्त आठवण म्हणून असतो आणि तसं सांगितलेलंही असतं. आणि चालत असला तरी फ्रेममधून काढून काउंटरवर न्यायचा कशाला? कामाला साधी प्रमाणित प्रत, तीही दोन-तीन घेऊन ठेवाव्यात.

---

शमी

इथे माझी फजिती सांगते, नवीन आईबाबांना उपयोग होईल.

मोठ्याच्या वेळी दवाखान्यातून निघताना नर्सने एक सुंदर कागद दिला. दोन्ही पावलांचे ठसे, नाव, वजन, डॉक्टरची सही, सोनेरी शिक्का. आम्ही तोच जन्मदाखला समजलो. पासपोर्टच्या अर्जाला दोघं नवराबायको बाळाला घेऊन रजा टाकून गेलो, लहान मुलाच्या अर्जाला दोघांनी हजर राहावं लागतं. काउंटरवरच्या बाईंनी कागद पाहिला, हसून "किती गोड पावलं" म्हणाल्या आणि परत दिला. तो दवाखान्याचा आठवणीचा कागद, सरकारी नव्हेच. तेव्हा देशात सासरे आजारी होते, तिकिटं काढलेली होती. नोंदणी कार्यालयातून खरी प्रत येईपर्यंतचे दिवस कसे काढले ते आम्हालाच माहीत.

पासपोर्टला लागतो तो दाखला: बाळाचं पूर्ण नाव, जन्माची तारीख आणि ठिकाण, आईवडिलांची पूर्ण नावं, नोंदणी अधिकाऱ्याची सही, नोंद झाल्याची तारीख आणि त्या कार्यालयाचा शिक्का. ओसीआयलाही (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते कार्ड) आईवडिलांची नावं असलेलीच प्रत लागते. आखूड उतारा घेऊ नका.

अजून एक, आपल्या लोकांचं खास. आपण नाव ठेवतो बाराव्या दिवशी, आत्या येऊन कानात सांगणार. इथे दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या बाई फॉर्म घेऊन पलंगाशी उभ्या. घाईत आम्ही मधलं नाव म्हणून वडिलांचं नाव घातलं आणि त्यात एक अक्षर चुकलं. ते अजून तसंच आहे. नावाचं स्पेलिंग आठव्या महिन्यातच ठरवून कागदावर लिहून ठेवा.

---

ह्यूस्टनची_मावशी

आमच्या टेक्ससमध्ये शोभेचा दाखला ६० डॉलरला मिळायचा, धाकटीच्या लेकीचा आम्ही मागवला तेव्हा. दोन नमुने होते. एकावर राज्याचा झेंडा, दुसऱ्यावर पाळणा. आम्ही अर्थातच पाळणा घेतला. बारशाच्या फोटोंशेजारी लावलाय.

पण मला त्याहून एक दुसरी गोष्ट आवडली. इथे साध्या प्रतीच्या अर्जावरच एक चौकोन असतो. त्यात खूण केली की ५ डॉलर जास्त भरायचे आणि ते टेक्सस होम व्हिजिटिंग कार्यक्रमाला जातात. म्हणजे हे सोनसळीने लिहिलंय तेच, घरी जाऊन आईला मदत. फ्रेम नाही, नक्षी नाही. पण अर्ज प्रत्येकालाच करावा लागतो, त्यामुळे तो चौकोन प्रत्येकाच्या नजरेखालून जातो. घाईत सुटतो मात्र. माझा पहिल्या वेळी सुटला होता.

---

दूर्वांकुर

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

२५ डॉलरमधून छपाई, टपाल, कर्मचाऱ्याचा वेळ वजा केल्यावर मुलांपर्यंत किती पोचणार? तेच २५ डॉलर सरळ एखाद्या संस्थेला दिले तर सगळे पोचतील. आणि ज्या कामावर लेकरांचा जीव अवलंबून आहे ते राज्याने करातून करावं. हौशी आईबापांनी यंदा नक्षीदार कागद घेतले तर बाळंतिणीला भेट, नाही घेतले तर नाही, हे मला पटत नाही. पोलीस ठाणं आपण शोभेच्या कागदांवर चालवतो का?

कागद सुंदर असेल, घेणाऱ्याची भावना खरी आहे, त्याबद्दल शंका नाही. माझा आक्षेप राज्यावर आहे.

---

परिचारिका_नीता

दूर्वांकुर, तुमचा मुद्दा रास्त आहे. पण हा निधी उभा कसा राहिला ते सांगते, मग बघा. मी मिरजेत नर्सिंग शिकले, इथे बावीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात आहे.

१९६२ साली डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लेख लिहिला. लहान बाळांच्या हाडांचे फ्रॅक्चर, डोक्यातले रक्तस्राव हे पुष्कळदा पडण्याने नाही, मारण्याने होतात, असं त्यांनी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं. तोवर डॉक्टरसुद्धा ते मानायला तयार नसत. त्यानंतर पाच वर्षांत, १९६७पर्यंत, अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी कायदे केले की असा संशय आला तर डॉक्टरने कळवलंच पाहिजे. १९७४ साली केंद्राचा कायदा आला.

पण हे सगळं मार बसल्यानंतरचं. तक्रार घ्यायची, चौकशी करायची, मूल दुसरीकडे ठेवायचं. पैसा सगळा तिकडे जायचा, कारण समोर जखमी मूल असतं आणि त्याला नाही म्हणता येत नाही. आधी काही करावं, याला अंदाजपत्रकात कधी पैसाच उरत नसे. केम्प यांच्याबरोबर काम केलेले रे हेल्फर नावाचे बालरोगतज्ज्ञ होते, पुढे मिशिगन स्टेट विद्यापीठात. त्यांची कल्पना अशी की प्रतिबंधासाठी वेगळी पेटीच करायची, जिच्यातला पैसा दुसरीकडे वळवता येणार नाही, आणि तिला स्वतःचा झरा द्यायचा. १९८० साली कॅन्ससने असा पहिला निधी काढला, लग्नाच्या परवान्यावर थोडं जास्तीचं शुल्क लावून. लग्न, जन्म, गाडीची पाटी, जिथे कुटुंब सरकारच्या खिडकीशी येतं तिथे थोडं थोडं. १९८४ साली केंद्राने ठरवलं की जी राज्यं असा निधी उभा करतील त्यांना आम्ही भर घालू. मग एकामागून एक राज्यं पुढे आली. शोभेचा दाखला हा त्याच पेटीत पडणारा एक पैसा.

म्हणून "करातून करावं" हे बरोबर असलं तरी कराच्या पैशाच्या रांगेत हे काम नेहमी शेवटी उभं राहायचं. तेवढ्यासाठी वेगळी पेटी.

घरभेटींनी काय होतं तेही सांगते. न्यूयॉर्क राज्यात एल्मायरा नावाचं गाव आहे. १९७०च्या दशकाच्या शेवटी डेव्हिड ओल्ड्स यांनी तिथे पहिलटकरणींकडे नर्सेस पाठवल्या. बऱ्याचशा मुली लहान वयाच्या, गरीब, एकट्या. गरोदरपणापासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत तीच नर्स घरी जायची. पंधरा वर्षांनी त्या कुटुंबांचा पाठपुरावा केला. ज्यांच्याकडे नर्स गेली होती तिथे मुलांच्या छळाच्या आणि आबाळीच्या नोंदी ४८ टक्क्यांनी कमी. १९९७ साली हे छापून आलं. पंधरा वर्षांनी! नर्सने काय केलं असेल? बाळाचं वजन केलं, आईशी बोलली, "तू चांगलं करतेयस" म्हणाली, पुढच्या वेळी परत आली.

आपल्याकडे हे काम आई करते, मावशी करते, शेजारची आजी करते, म्हणून आपल्याला त्याची किंमत कळत नाही.

---

सोनसळी

नीताताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मूळ लेखात मी एक गोष्ट लिहिली नव्हती, आता लिहिते.

बाळी सहा आठवड्यांची होती. आईला ताप आला होता, तिला वेगळ्या खोलीत झोपवलं होतं. नवरा कामासाठी बाहेरगावी. बाळी संध्याकाळी सातला रडायला लागली ती साडेदहापर्यंत. दूध घेईना, ढेकर काढून झाली, लंगोट बदलून झाला, अंगावर घेऊन चालून झालं. शेवटी माझे हात थरथरत होते आणि ते थकव्याने नव्हते, रागाने होते. स्वतःच्या सहा आठवड्यांच्या लेकीचा राग. मला स्वतःची भीती वाटली.

दवाखान्यातून निघताना एका नर्सने सांगितलं होतं: बाळाचं रडणं दुसऱ्या महिन्यात शिगेला जातं, मग आपोआप कमी होतं. काही केल्या थांबत नसेल तर बाळाला पाठीवर पाळण्यात ठेव, दार लोटून घे, बाहेर जाऊन उभी राहा. रडण्याने बाळाला काही होत नाही, गदागदा हलवण्याने होतं. ते वाक्य आठवलं. मी तिला पाळण्यात ठेवलं, बाल्कनीत गेले आणि रेलिंग धरून शंभर अंक मोजले. परत आले तेव्हा ती रडतच होती, पण मी ठीक होते.

आईला हे सांगायला मला तीन दिवस लागले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्याही बाबतीत झालं होतं. तेव्हा तुझ्या आजीने तुला माझ्या हातातून काढून घेतलं."

खालच्या मजल्यावरच्या मुलीच्या हातातून कोण काढून घेणार?

---

दूर्वांकुर

सोनसळी, हे लिहिल्याबद्दल आभार. लिहायला सोपं नव्हतं.

वेगळ्या पेटीचं कारण पटलं, नीताताई. तरीही मला कॅलिफोर्नियाची पद्धत जास्त बरी वाटते. मी इथे राहतो. साध्या जन्मदाखल्याच्या प्रत्येक प्रतीच्या शुल्कातलाच काही हिस्सा मुलांच्या निधीत जातो. हौस असो नसो, तुम्ही प्रत मागितली की तुमचा वाटा गेला. शिवाय गाड्यांच्या 'किड्स प्लेट्स' आहेत: हृदय, चांदणी, हाताचा पंजा किंवा अधिकचं चिन्ह असलेली नंबरपाटी, तिचे पैसे मुलांच्या सुरक्षिततेला. पाटी हौशीची, पण दाखल्यातला हिस्सा सगळ्यांचा. दोन्ही हवं असं आता म्हणतो.

---

अभय_आयोवा

एक सावधगिरीची सूचना. सगळीकडे पैसे मुलांनाच जातात असं समजू नका. आमच्या आयोवात जन्माचा आणि लग्नाचा असे दोन्ही स्मरणदाखले मिळतात. कायद्यात शुल्क ३५ डॉलर आहे आणि ते जातं आपत्कालीन वैद्यकीय सेवेच्या निधीत, म्हणजे रुग्णवाहिका वगैरे. मका-सोयाबीनच्या शेतांमधून पाऊण तासावर दवाखाना असलेल्या राज्यात त्याचीही गरज मोठी आहे, माझी काही तक्रार नाही. पण तुम्हाला मुलांसाठीच द्यायचं असेल तर अर्जावर निधीचं नाव वाचून घ्या.

---

वाईकर

नीताताईंचं "थोडं थोडं" वाचून एक आठवण आली. १९७१ साली मी चौथीत होतो. बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले होते. त्या वर्षी नोव्हेंबरपासून प्रत्येक पत्रावर नेहमीच्या तिकिटाबरोबर ५ पैशांचं शरणार्थी मदतीचं तिकीट लावणं सक्तीचं झालं. वडील पत्रं लिहायचे, तिकिटं चिकटवायचं काम माझं. मी विचारलं, हे दुसरं कशाला? ते म्हणाले, "ज्यांचं घर गेलं त्यांच्यासाठी." नकाशात ते गाव कुठे आहे हे मला माहीत नव्हतं, पण तिकीट सरळ लागलं पाहिजे याची फार काळजी घ्यायचो.

सक्तीचं होतं म्हणून त्यातली भावना कमी झाली असं मला तरी वाटलं नाही.

---

ह्यूस्टनची_मावशी

वाईकर, तुमच्या १ जूनवरून सांगते. अमेरिकेतही शंभर वर्षांपूर्वी हेच होतं! १९१२ साली इथे केंद्र सरकारचं चिल्ड्रन्स ब्यूरो सुरू झालं, प्रमुख होत्या ज्युलिया लॅथ्रप. त्यांनी हाती घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे जन्मनोंदणी. कारण किती बाळं दगावतात हे कळायला आधी किती जन्मतात ते कळायला हवं. आणि गिरणीत कामाला लावलेलं पोर बारा वर्षांचं की सोळा, हे दाखवायला कागदच नव्हता, आईबाप आणि मालक सांगतील ते वय. बायकांच्या मंडळांनी दारोदार फिरून बाळं मोजली आणि त्यांची नोंद झाली आहे का ते ताडून पाहिलं. १९१५ साली दहा राज्यं आणि राजधानी एवढ्यांचीच नोंदणी धरण्याजोगी होती. सगळी राज्यं यायला १९३३ उजाडलं आणि शेवटी आलं ते आमचं टेक्सस.

तेव्हा दाखल्याचा आणि मुलांच्या रक्षणाचा संबंध काही आजचा नाही. पाळण्याचं चित्र नंतर आलं.

---

पोर्टलँडकर

बरेच दिवस नुसती वाचतेय, आज लिहावंसं वाटलं.

आमचा मुलगा दत्तक आहे, महाराष्ट्रातला, दीड वर्षाचा असताना आला. परदेशात जन्मलेल्या दत्तक मुलांसाठी इथली बरीच राज्यं परदेशी जन्माचा दाखला देतात. आमच्याकडे तो आहे. त्यात जन्मगाव म्हणून भारतातलं गाव आणि आईवडील म्हणून आमची नावं. शाळेला, खेळाच्या क्लबला, सगळ्याला चालतो.

आमच्या ओरेगनमध्येही शोभेचे दाखले विकून ट्रस्ट फंडाला पैसे जातात. मला देणगी द्यायची होती, तरी भिंतीवर लावायला काही घेण्याचं माझ्या मनाने घेतलं नाही. जिने त्याला नऊ महिने वाढवलं तिचं नाव त्या नक्षीच्या आत नाही. इथे १९९८ साली लोकांनी मतदान करून कायदा केला की दत्तक गेलेल्या माणसाला २१ वर्षांचा झाल्यावर आपला मूळ जन्मदाखला मागता येईल, नावं काळी न करता. तो कायदा इथे जन्मलेल्यांसाठी, आमच्या मुलाला लागू नाही. पण ज्या बायका-पुरुषांनी त्यासाठी झगडा केला त्यांना एका कागदासाठी इतकं का झुरावं लागलं, ते मला त्याच्याकडे बघून कळतं.

मी निधीला सरळ पैसे पाठवले. आणि त्याच्या खोलीत तो पहिल्यांदा आमच्या घरी आला त्या दिवशीचं विमानाचं तिकीट लावलंय. त्याला ते फार आवडतं, सगळ्यांना दाखवतो.

---

सोनसळी

पोर्टलँडकर, तुमची पोस्ट वाचून मी जरा थांबले. कागदाच्या नक्षीत कोण बाहेर राहतं हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. बरं झालं लिहिलंत.

---

परिचारिका_नीता

याच संदर्भात एक सांगते, आमच्या वॉर्डात रोज लागणारं. पोटात दगावलेल्या बाळाचा पूर्वी फक्त मृत्यूचा कागद मिळायचा. आईने कळा सोसल्या, बाळ हातात घेतलं, नाव ठेवलं, तरी जन्माचा कागद नाही. अ‍ॅरिझोनाने २००१ साली पहिल्यांदा अशा जन्माचा दाखला देणं सुरू केलं, एका आईच्या चिकाटीमुळे. मग बऱ्याच राज्यांनी केलं. मी तो कागद बायकांच्या हातात दिलेला आहे. त्या नाव वाचतात. बोटाने अक्षरांवरून जातात.

पोर्टलँडकर, तिकीट लावलंत ते फार छान केलंत.

---

अभय_आयोवा

हा दाखला भेट म्हणून मागवता येतो का? वहिनीला बाळ झालंय, तुमच्याच राज्यात, सोनसळी.

---

सोनसळी

नाही. वॉशिंग्टनमध्ये २०२१पासून दुसऱ्याचा जन्मदाखला वाटेल त्याला मिळत नाही. ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा द्यावा लागतो. मित्रमैत्रिणींना तर नाहीच. मी खालच्या मजल्यावरच्या मुलीला विचारलं होतं, तिच्या मुलासाठी घेऊ का म्हणून, तेव्हा हे कळलं. शेवटी अर्ज तिने भरला, आमच्याच स्वयंपाकघरात बसून, पैसे माझे. तेवढ्या वेळात तिचं बाळ माझ्या आईने झोपवलं. आई जाण्याच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. आता ती मुलगी बुधवारी संध्याकाळी वर येते.

वहिनींनाच अर्ज करायला सांगा, तुम्ही फ्रेम द्या.

---

दूर्वांकुर

फ्रेमवरून आठवलं. लॅमिनेट करू नका! कोणताही दाखला लॅमिनेट केला की उठावाचा शिक्का बोटाला लागत नाही आणि पुष्कळ कार्यालयं तो घेत नाहीत. काच लावा, आणि उन्हाच्या भिंतीवर टांगू नका, शाई उडते.

---

शमी

सगळं वाचून मीही ठरवलं, दोन्ही मुलांसाठी मागवावा. माझी मुलं वॉशिंग्टनमध्येच झाली, आम्ही नंतर न्यू जर्सीला आलो. पण मोठ्याच्या मधल्या नावातलं ते चुकलेलं अक्षर अजून दुरुस्त केलेलं नाही. शोभेच्या दाखल्यावर बरोबर स्पेलिंग घालून देतील का? की आधी नोंद सुधारावी लागेल?

---

सोनसळी

आधी नोंद. त्यांच्या दप्तरात जे आहे तेच त्या नक्षीच्या आत छापून येतं, चुकीसकट. दुरुस्तीचा अर्ज आणि पुराव्याचे कागद पाठव, सुधारलेली साधी प्रत हातात येऊ दे, मग शोभेचा मागव. धाकटीचं नाव बरोबर असेल तर तिचा आजच टाक.